गोरिलांच्या आधी गिसोझी

रवांडाला जायचं म्हणणारे बहुतेक लोक गोरिलांसाठी येतात. त्यात गैर काही नाही. डोंगरी गोरिला जगात रवांडा, युगांडा आणि काँगो या तीनच देशांत उरले आहेत, आणि त्यातल्या त्यात रवांडात त्यांच्यापर्यंत पोचणं सोपं. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून किगाली, आणि किगालीहून गाडीनं अडीच-तीन तासांत गोरिलांच्या जंगलाजवळचं मुसान्झे. त्यामुळे आपल्याकडच्या गटांचा कार्यक्रम आखताना गोरिला मध्यभागी ठेवतात आणि बाकीचं सगळं त्यांच्याभोवती बसवतात. १९९४ च्या वंशसंहाराचं स्मारक अनेकदा शेवटच्या दिवशी, विमानाच्या आधी उरलेल्या दोन तासांत टाकलेलं असतं आणि पुढे 'वेळ मिळाल्यास' असं लिहिलेलं असतं. मी आखते त्या सहलीत ते दुसऱ्या दिवशी सकाळी असतं, गोरिलांच्या आधी. ते वगळून उरलेली सहल करायची असेल तर मी दुसरी कंपनी सुचवते.

काही वर्षं किगालीत राहिल्यावर, आणि पुढे पुण्याहून गट नेताना, हा क्रम माझ्या मनात पक्का झाला. शेवटच्या दिवशी स्मारक पाहिलेला माणूस कवट्या डोळ्यांत घेऊन विमानात बसतो. काही विचारावं तर शेजारी कुणी नसतं. घरी पोचल्यावर त्या देशाबद्दल सांगायला त्याच्याकडे 'बिचारे' एवढंच उरतं. आधी पाहिलेल्याला मात्र पुढचा सगळा आठवडा मिळतो. बाजारात, चहाच्या मळ्यात, शाळेच्या वाटेवर चालताना ते त्याच्या सोबत असतं. पन्नाशीच्या पुढचं कुणी दिसलं की तो मनात हिशेब करतो, हा तेव्हा किती वर्षांचा असेल? कुठे असेल? हा हिशेब सुरू झाला की माणूस नीट बघायला लागतो. तसं बघणारा पाहुणा त्या देशात जावा, एवढ्यासाठी मी हे काम करते.

निघण्यापूर्वी पुण्यात एक बैठक घेते. तिथे आधी देशाचा आकार सांगते. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर साधारण तेवढा होतो, २६ हजार चौरस किलोमीटरांच्या थोडा वर. त्यात २०२२ च्या जनगणनेप्रमाणे १ कोटी ३२ लाख माणसं, आणि त्यातली बहुतेक शेतीवर. हा आकडा मी मुद्दाम सुरुवातीला सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मग खाऊचा विषय. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २००८ पासून बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. तेव्हा चिवडा, शंकरपाळे, दशम्या सगळं डब्यात किंवा कापडी पिशवीत भरा. काकूंना हे एकदा सांगितलं की पुरतं. काकांना पुन्हा सांगावं लागतं.

किगालीत उतरल्यावर पहिल्या तासात सगळे एकच बोलतात: किती स्वच्छ! खरंच आहे ते. टेकड्यांवर वसलेलं शहर, झाडलेले रस्ते, हेल्मेट घातलेले मोटारसायकल टॅक्सीवाले आणि मागे बसलेल्यालाही हेल्मेट. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा देशभर उमुगांडा असतो. दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात लोक गटार उपसतात, रस्ता बांधतात, कुणाचं पडकं घर उभारतात. काम संपलं की तिथेच बसून सभा होते. आपल्या शहरांची तुलना सुरू होते तेव्हा मी अडवत नाही, पण 'शिस्त काय असते बघा' इथवर गाडी आली की मात्र बोलते. ज्या देशात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, तिथे शेजाऱ्यांनी एकत्र येऊन गटार उपसण्याला फार वजन आहे. सगळ्यांनीच ते मनापासून केलेलं असतं असंही नाही, कारण न येणाऱ्याला दंड होऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना एकत्र बसवून एक गोष्ट कळकळीनं सांगते. इथे कुणालाही, गाडीवाल्याला, वेटरला, गाइडला, 'तुम्ही हुतू की तुत्सी?' असं विचारायचं नाही. 'तुमच्या घरचं कुणी गेलं का?' हेही नाही. आपल्याकडे ओळख करून घेताना आडनाव विचारतात, मग गाव, मग 'म्हणजे तुम्ही कुठले?' या शेवटच्या प्रश्नाच्या पोटात काय दडलेलं असतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिघेही तीच किन्यारवांडा बोलतात, त्याच टेकड्यांवर राहतात, त्याच चर्चमध्ये जातात. जुन्या राज्यात गाईगुरांवरून, दरबारातल्या जागेवरून हे भेद होते, पण माणूस एकातून दुसऱ्यात जाऊ शकत होता. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ते ओळखपत्रावर छापले आणि वाट बंद केली. १९९४ मध्ये रस्त्यारस्त्यावर अडथळे लावून तेच ओळखपत्र मागितलं गेलं, आणि त्यावरचा एक शब्द बघून माणूस मारायचा की सोडायचा हे ठरलं. आजच्या ओळखपत्रावर तो रकाना नाही. ज्यांना त्या प्रश्नाचं उत्तर देताना जीव गमवावा लागला, त्यांच्या पोराबाळांना तो प्रश्न आपण सुट्टीवर येऊन विचारू नये.

ज्यांना जे विचारायचं आहे त्यांनी ते गिसोझीला विचारावं. प्रश्नांची जागा ती आहे.

गिसोझी ही किगालीतली एक टेकडी. तिथलं स्मारक २००४ मध्ये उघडलं आणि तिथे अडीच लाखांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. शहराच्या गल्ल्यांतून, खड्ड्यांतून, शौचालयांच्या टाक्यांतून काढलेले अवशेष आणून इथे सन्मानानं ठेवले. अजूनही कुठे पाया खणताना हाडं सापडतात आणि इथे येतात. आत जाण्यापूर्वी गाडीतच मी काही गैरसमज दूर करते, कारण आपल्याकडे या घटनेला 'टोळीयुद्ध' म्हणायची सवय आहे. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीजवळ पाडलं गेलं, आणि ७ तारखेपासून जुलैच्या मध्यापर्यंत, शंभर दिवसांत, आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. याद्या तयार होत्या. इंटराहाम्वे नावाची तरुणांची फौज तयार होती. आरटीएलएम हा रेडिओ गाणी लावत होता आणि मध्येच नावं आणि पत्ते सांगत होता. मारले गेलेले बहुसंख्य तुत्सी. या बेताला नकार देणारे हुतूही मारले गेले, आणि त्यांत पहिल्याच दिवशी पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना होत्या. त्यांच्या रक्षणासाठी गेलेले दहा बेल्जियन सैनिकही त्याच दिवशी मारले गेले. संहार ऐन भरात असताना, २१ एप्रिलला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं तिथली आपली अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणायचं ठरवलं. ही तारीख ऐकून गट शांत होतो. तोवर सगळ्यांना वाटत असतं की जगाला कळलंच नसेल.

आत मी सोबत चालत नाही, मागे राहते. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. निवृत्त शिक्षक प्रत्येक फलक वाचतात, डॉक्टर मंडळी कवटीवरच्या जखमांसमोर थबकतात आणि लगेच पुढे जातात. मुलांच्या दालनात मात्र सगळे अडतात. तिथे मोठ्या फोटोंखाली मुलांची माहिती आहे: आवडता खेळ, आवडतं खाणं, जिवलग मित्र कोण, आणि मारलं कसं. आजी-आजोबांच्या वयाचे पाहुणे तिथून बाहेर आले की मी त्यांना बागेत बसवते, पाणी देते आणि बोलत नाही. त्या दिवशी दुपारी हॉटेलातलं बुफे ठेवत नाही. जेवण साधं, घरगुती, आणि उशिरा. संध्याकाळी कार्यक्रम नसतो. लोकांना खोलीत जाऊन घरी फोन करावासा वाटतो, तेवढा वेळ मोकळा लागतोच.

काही गटांना मी न्यामाटाला नेते, सगळ्यांना नाही. किगालीच्या दक्षिणेला तासाभराच्या आत, न्याबारोंगो नदी ओलांडून. त्या नदीत तेव्हा प्रेतं टाकली होती आणि ती वाहत थेट व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेली. न्यामाटाचं चर्च विटांचं, साधं. पूर्वीच्या दंगलींत चर्चनं जीव वाचवले होते म्हणून लोक तिथे जमले, आणि या वेळी चर्चच्या दारावर हातबॉम्ब फुटले. पत्र्याच्या छपराला भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे खाली येतात. बाकांवर कपडे. चर्चच्या मागे तळघरांत ४५ हजारांहून अधिक माणसांचे अवशेष. आत फोटो काढता येत नाहीत आणि मला तो नियम फार आवडतो, कारण हातातला मोबाइल खाली गेला की लोकांना काय करावं ते सुचत नाही आणि मग ते बघतात. २०२३ मध्ये गिसोझी, न्यामाटा, मुराम्बी आणि बिसेसेरो या चार जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. तेव्हापासून विचारणा वाढली आहे. मी तरीही आधी माणसाशी बोलून ठरवते. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल तर सांगते, न्यामाटा राहू दे, तुम्ही गिसोझीला या, पुरेसं आहे.

यानंतरचा प्रश्न हमखास येतो: 'मग आता हे सगळे एकत्र कसे राहतात?' आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक आशा असते. त्याला ऐकायचं असतं की त्यांनी माफ केलं. सकाळभर जे पाहिलं त्याचा भार उतरवायला त्याला ती गोष्ट हवी असते.

अशी गोष्ट दाखवता येते. बुगेसेरा भागात अशी गावं आहेत जिथे शिक्षा भोगून आलेले आणि वाचलेले शेजारी राहतात आणि पाहुण्यांसमोर बसून आपापली कहाणी सांगतात. त्यांच्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. ती घरं त्यांनी एकत्र राबून बांधलेली आहेत. पण एका बाईनं, जिनं आपली मुलं गमावली, आठवड्यातून कितीतरी वेळा परक्यांपुढे बसून 'मी याला माफ केलं' म्हणायचं आणि आपण टाळ्या वाजवून टोपल्या विकत घ्यायच्या, हे मला सोसत नाही. मी गट तिथे नेत नाही. माझ्या व्यवसायातले चांगले लोक याबाबत माझ्याशी सहमत नाहीत. त्यांचं म्हणणं, त्या गावांना त्यातून उत्पन्न मिळतं आणि सांगणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. तेही खरं असेल. मला मात्र वाटतं की त्या माणसांनी आपल्या मनाच्या समाधानासाठी माफ करावं, असं आपलं त्यांच्याकडे काही येणं नाही.

त्याऐवजी मी पाहुण्यांना गाचाचाबद्दल सांगते. १९९४ नंतर तुरुंगांत सव्वा लाखाच्या आसपास कैदी होते आणि न्यायव्यवस्थेतली माणसं मारली गेली होती. नेहमीच्या कोर्टात हे खटले चालवायला शतक लागलं असतं. मग गावातल्या हिरवळीवर भरणारी जुनी पंचायत नव्या कायद्यानं उभी केली. गावानंच निवडलेले पंच, वकील नाहीत, आणि समोर सगळं गाव. २०१२ मध्ये ती बंद झाली तोवर सुमारे १२ हजार गाचाचांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणं हातावेगळी केली होती. त्यात खोटे आरोप झाले, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि संहार थांबवून जिंकलेल्या सैन्यानं केलेल्या हत्या तिथे आल्याच नाहीत. पण अनेकांना आपल्या माणसाचं प्रेत कुठे टाकलं, ते तिथेच कळलं. आणि मग मी पुण्यात सांगितलेला आकडा पुन्हा काढते. दोन जिल्ह्यांएवढी जमीन, त्यावर एवढी माणसं, आणि प्रत्येकाचं पोट त्याच उतारावरच्या शेताच्या तुकड्यावर. शिक्षा भोगून सुटलेला माणूस आपल्या टेकडीवरच परतला, कारण जायला दुसरी टेकडी नव्हती. वाचलेलीही तिथेच राहिली, त्याच कारणानं. एकत्र राहण्याची सुरुवात तिथून झाली.

पुढचं काम रोजच्या व्यवहारानं केलं. गिरिंका ही योजना २००६ मध्ये सुरू झाली: गरीब कुटुंबाला एक गाय, आणि तिला होणारी पहिली कालवड शेजारच्या गरजू घराला द्यायची. रवांडात गाय देणं ही फार मोठी गोष्ट, ज्यानं दिली त्याच्याशी नातं जडतं. २०१८ मध्ये पंतप्रधान मोदी रवांडाला गेले तेव्हा त्यांनी याच योजनेत रवेरू गावाला २०० गाई दिल्या. त्या तिथल्याच होत्या, तिथेच विकत घेतलेल्या. आमच्या गटात शेतकरी असले की या गाईंवरून बोलणं रंगतं: दूध किती, वैरण कुठली, गोठा कसा. एखाद्या घरी गेलो तर इकिवुगुटोचा पेला पुढे येतो, आपल्या दाट ताकासारखं पण तारेचं. तिथे कुणी माफीबद्दल बोलत नाही. कालवड कुणाकडे गेली ते मात्र लगेच सांगतात.

एप्रिलबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे परीक्षा संपतात आणि लोकांना त्याच वेळी सुट्टी हवी असते. ७ एप्रिलपासूनचा आठवडा तिथे शोकाचा असतो. वाद्यं, नाचगाणी, लग्नं बंद. लोक वस्तीवस्तीत जमतात. जंगलं आणि हॉटेलं सुरूच असतात, पर्यटकाला कुणी हटकत नाही. तरी त्या आठवड्यात मी गट नेत नाही. आमच्या गाडीवाल्यांना, गाइडना त्या दिवसांत घरी असायचं असतं, आणि नोकरीपायी ते नाही म्हणणार नाहीत हे मला ठाऊक आहे.

गोरिलांबद्दल सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. परवाना १५०० डॉलर, एका गोरिला कुटुंबाला दिवसाला आठच पाहुणे, आणि भेट एका तासाची. मी सगळ्यांना पोर्टर घ्यायला लावते, गुडघे ठणठणीत असले तरी. त्यांतल्या काहींच्या घरात पूर्वी याच जंगलात फास लावण्याचं काम चालायचं. हे जंगलसुद्धा युद्धात सापडलं होतं, कित्येक वर्षं पर्यटकांना बंद होतं आणि १९९९ मध्ये पुन्हा उघडलं. आता उद्यानाच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांना जातो. त्या तासाबद्दल एवढंच सांगते की गिसोझी पाहिलेला गट तिथे जास्त शांत असतो आणि गोरिलाही जास्त वेळ जवळ राहतात, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

राजकारणाचं मी पुण्याच्या बैठकीतच उरकते, गाडीत नाही. पॉल कागामे १९९४ मध्ये संहार थांबवणाऱ्या सैन्याचे प्रमुख होते, २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत आणि २०२४ मध्ये त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. विरोधात बोलणं तिथे सोपं नाही. जानेवारी २०२५ मध्ये एम२३ या बंडखोरांनी सीमेपलीकडचं गोमा शहर घेतलं. त्यांच्यामागे रवांडाचं सैन्य असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी लिहिलं आहे, रवांडा ते नाकारतो. संहार थांबवणारं सरकार आणि सीमेपलीकडे लोकांना देशोधडीला लावणाऱ्या लढाईत ज्याचं नाव येतं ते सरकार एकच आहे, हे पाहुण्याला माहीत असायला हवं. फक्त गाइडकडून त्यावर मत काढायचा प्रयत्न करू नका, असं बजावते. आपण आठवड्यानं परत येतो, त्याला तिथेच राहायचं असतं.

अलीकडे माझ्यासोबत काम करणारे गाइड जवळपास सगळे १९९४ नंतर जन्मलेले आहेत. देशातली बहुसंख्य माणसंच आता तशी आहेत. गिसोझीला ते जबाबदारीनं बोलतात, शाळेत शिकलेलं आणि घरी न बोललेलं, दोन्ही त्यांच्याकडे आहे. पण हुये शहराच्या रस्त्याला लागलो की त्यांना दुसरं काही सांगायचं असतं. तिकडच्या माराबात २००१ मध्ये कॉफी धुण्याचं केंद्र निघालं, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेत विधवा होत्या, आणि स्वस्तात जाणारी कॉफी लंडनच्या दुकानांत नावानिशी विकली गेली. सहकार म्हटल्यावर आमचे सांगली-कोल्हापूरचे पाहुणे सरसावून बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये किगालीत सायकलिंगची जागतिक रोड स्पर्धा झाली, आफ्रिकेत पहिल्यांदाच, आणि तिथल्या चढांवर जगातले मोठे सायकलपटू कसे मागे पडले ते आमचा एक तरुण गाइड हातवारे करून सांगतो. मागच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. या मुलाला स्वतःची गाडी घ्यायची आहे हे कळल्यावर त्यांनी व्याजदर काय, मुदत किती, तारण काय मागतात, सगळं विचारून घेतलं, वही काढून हप्ता मांडून दिला आणि दोन बँकांचे दर विचारल्याशिवाय सही करू नकोस म्हणून दम भरला. ते दोघं पुढच्या सीटवर हुयेपर्यंत तेच बोलत होते. मी मागे बसून काकूंच्या शंकरपाळ्यांचा डबा फिरवत होते.